कुलपाची फाइल पुसल्याने कुलूप निघत नाही

लिनक्स सर्व्हरवरील पॅकेज मॅनेजर अडला की कुलपाची फाइल, म्हणजे लॉक फाइल, पुसून टाकावी आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी, हा सल्ला इतक्या ठिकाणी, इतक्या आत्मविश्वासाने आणि इतकी वर्षे दिला जात आहे की त्याला आता नियमाचेच रूप आले आहे. प्रत्यक्षात डेबियन कुळातील कोणत्याही सर्व्हरवर हा उपाय चुकीचा आहे. त्याने मूळ अडचण सुटत नाही, आणि जी यंत्रणा तोवर केवळ थांबलेली असते ती त्यानंतर खरोखरच बिघडू शकते.

पॅकेज मॅनेजर म्हणजे सर्व्हरवर इतर प्रोग्रॅम आणणारा, मांडणारा, अद्ययावत करणारा आणि काढणारा प्रोग्रॅम. परंतु त्याचे याहून मोठे काम नोंद ठेवण्याचे आहे. कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीचे आहे, त्याच्या फाइली कोठे मांडल्या आहेत, ते आणखी कशावर अवलंबून आहे आणि त्याची मांडणी पुरी झाली की अर्ध्यावर राहिली, हे सारे तो एका खतावणीत लिहून ठेवतो. डेबियन आणि उबंटू या प्रणालींवर, तसेच सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेल्या ‘बॉस’ या भारतीय प्रणालीवर, ही खतावणी डीपीकेजी लिहितो. पॅकेजे शोधून, उतरवून आणि त्यांचा क्रम लावून ती डीपीकेजीच्या हाती देण्याचे काम ‘ॲप्ट’ करतो. रेड हॅट कुळात याच दोन भूमिका आरपीएम आणि यम, किंवा यमचा वारसदार डीएनएफ, पार पाडतात. (पुढे आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.)

एकाच खतावणीत एकाच वेळी दोघांनी लिहिले तर हिशेब जुळणार नाही, म्हणून लिहिण्यापूर्वी डीपीकेजी कुलूप लावतो, आणि गैरसमजाचे मूळ येथेच आहे. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक’ या नावाची फाइल डोळ्यांना दिसते, म्हणून ती फाइल म्हणजेच कुलूप असा अर्थ लावला जातो. वास्तविक ही फाइल तेथे नेहमीच असते. सर्व्हरवर पॅकेजांचे कोणतेही काम चालू नसताना पाहिले तरी ती दिसते, आणि तिच्यात एक अक्षरही लिहिलेले नसते. कुलूप असते ते कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्मृतीत. अमुक प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, अमुक फाइलीवर एकटीचा हक्क मागितला आणि तो तिला दिला, एवढीच नोंद कर्नल ठेवतो. फाइल ही तो हक्क अडकवण्याची केवळ खुंटी आहे.

ती प्रोसेस आपले काम उरकून संपली, कोणी मारली, मध्येच कोसळली किंवा सर्व्हरच बंद पडला, तरी कर्नल तिचा हक्क त्याच क्षणी काढून घेतो. त्यासाठी कोणाला काही पुसावे लागत नाही. यातून निघणारा निष्कर्ष टाळता येण्याजोगा नाही: डीपीकेजीच्या बाबतीत ‘मागे राहून गेलेले जुने कुलूप’ अशी वस्तूच अस्तित्वात असू शकत नाही. कुलूप मिळत नाही असा संदेश आला असेल, तर त्या क्षणी ते धरून बसलेली एक जिवंत प्रोसेस त्या सर्व्हरवर आहे.

अशा वेळी फाइल पुसली तर काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. लिनक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे डिरेक्टरीतून तिचे नाव काढून टाकणे. ज्या प्रोसेसने ती उघडून धरली आहे तिच्यापुरती मूळ फाइल, आपल्या आयनोड क्रमांकासह, तशीच जिवंत राहते आणि तिच्यावरचे कुलूपही तसेच राहते. आयनोड म्हणजे फाइलीची खरी ओळख सांगणारी अंतर्गत नोंद. नाव हे तिच्यावर लावलेली पाटी असते. पाटी गेल्यावर दुसरी आज्ञा दिली की दुसरी प्रोसेस त्याच नावाची नवी फाइल निर्माण करते, तिचा आयनोड वेगळा असतो, तिच्यावर कोणाचाच हक्क नसतो, आणि तो हक्क दुसरीला विनासायास मिळतो. आता दोन प्रोसेस, प्रत्येकी आपण एकटेच आहोत अशा समजुतीने, एकाच खतावणीत लिहू लागतात. दोघींनी आरंभी वाचलेली स्थिती वेगवेगळी असते, आणि जी शेवटी लिहिते तिच्या लेखनाखाली पहिलीच्या नोंदी पुसल्या जातात. एखाद्या पॅकेजच्या फाइली डिस्कवर आहेत पण खतावणीत त्याचा पत्ता नाही, किंवा खतावणी एक आवृत्ती सांगते आणि डिस्कवर दुसरीच आहे, अशी विसंगती मागे राहते. ही हानी त्याच दिवशी दिसत नाही, हा यातला सर्वांत वाईट भाग होय. काही आठवड्यांनी एखादे साधे अद्ययावतीकरण अवलंबनाच्या न उलगडणाऱ्या तक्रारीने अडते, आणि तोवर लॉक फाइल पुसल्याचे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

यावर शंका असणाऱ्याने डीपीकेजीचे स्वतःचे म्हणणे वाचावे. त्याच्या नव्या आवृत्त्या कुलूप न मिळाल्याच्या संदेशातच बजावतात की लॉक फाइल काढणे हे नेहमीच चूक आहे आणि त्याने संपूर्ण प्रणालीला इजा होऊ शकते; सविस्तर खुलासा डेबियनच्या डीपीकेजी गटाने आपल्या प्रश्नोत्तरांत दिला आहे. २०१८ मध्ये याच गटाने ‘लॉक-फ्रंटएंड’ नावाचे आणखी एक कुलूप आणले, कारण ॲप्ट एका कामात डीपीकेजीला अनेकदा बोलावतो आणि दोन बोलावण्यांमधल्या फटीत तिसराच कोणी शिरू शकत असे. निर्मात्यांनी ती बारीकशी फटही बुजवली असताना वापरकर्त्यांना मात्र भिंतच पाडण्याचा सल्ला दिला जातो, हे खेदजनक आहे.

हा गैरसमज टिकून राहण्याचे कारण समजण्यासारखे आहे. फाइल पुसली, पुन्हा आज्ञा दिली आणि काम झाले, असा अनुभव अनेकांना येतो. परंतु बहुतेक वेळा तोवर पहिल्या प्रोसेसचे काम आपोआप संपलेले असते आणि तेवढाच वेळ थांबले असते तरी आज्ञा चाललीच असती. दुसरे असे की, काही प्रोग्रॅम खरोखरच आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून कुलूप लावतात. जुन्या यमची ‘यम-पीआयडी’ ही फाइल त्याच जातीची होती. मात्र तेथेही त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे की नाही हे यम स्वतःच तपासत असे.

मग कुलूप धरतो तरी कोण? उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत सुरक्षाविषयक दुरुस्त्या आपोआप बसवणारी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ही व्यवस्था सुरुवातीपासून चालू असते, आणि तिची वेळ सकाळी सहा, अधिक तासाभरापर्यंतचा कोणताही विलंब, अशी ठरलेली असते. ती वेळ सर्व्हर बंद असताना निघून गेली, तर सर्व्हर चालू होताच राहिलेले काम हाती घ्यावे अशीही तिला सूचना असते, आणि तेव्हाही तोच तासाभरापर्यंतचा विलंब लागू होतो. चोवीस तास वीज असलेल्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये हे काम पहाटे कोणाच्या नकळत उरकते. आदिलाबाद जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचा किंवा ग्रंथालयाचा सर्व्हर संध्याकाळी बंद करून सकाळी दहाला सुरू केला जात असेल, तर तेच काम दहा ते अकराच्या दरम्यान, म्हणजे कर्मचारी नेमका सर्व्हरसमोर बसलेला असताना, सुरू होते. दुपारी वीज जाऊन आली तर सहाचे काम राहिलेले नसते. ‘रोज सकाळीच ॲप्ट बिघडतो’ या तक्रारीचा उलगडा बहुधा एवढाच असतो.

यावर करावयाचे काम साधे आहे. ॲप्टच्या अलीकडच्या आवृत्त्या कुलूप कोणत्या क्रमांकाच्या आणि कोणत्या नावाच्या प्रोसेसकडे आहे हे संदेशातच सांगतात. त्या नावात ‘अनअटेंडेड-अपग्र’ अशी अक्षरे दिसली तर थांबावे, मंद जोडणीवर अर्धा तास थांबावे लागले तरी थांबावे, आणि ‘/व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स’ येथील नोंदी वाचून काम पुढे सरकते आहे का ते पाहावे. आज्ञा एखाद्या स्क्रिप्टमधून दिली जात असेल तर ॲप्टच्या ‘डीपीकेजी::लॉक::टाइमआउट’ या पर्यायाने ठरावीक सेकंद वाट पाहण्यास सांगता येते. एखादी प्रोसेस खरोखरच अडकलेली आढळली, उदाहरणार्थ तुटलेल्या दूरस्थ जोडणीच्या पलीकडे ती कोणाच्या तरी ‘होय’ची वाट पाहत असली, तर तिला साध्या ‘किल’ने थांबण्याची विनंती करावी, ‘किल -९’ हा अखेरचा मार्ग म्हणून राखून ठेवावा, आणि त्यानंतर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा देऊन अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करून घ्यावी. या साऱ्यात फाइल पुसण्याची गरज कोठेही पडत नाही.

अडकलेली प्रोसेस आणि सावकाश चाललेली प्रोसेस यांतला फरक न ओळखणे ही याच गैरसमजाची जुळी बहीण होय. पॅकेजच्या पोटात ‘पोस्टइन्स्ट’ नावाची एक छोटी संहिता असू शकते, जी फाइली मांडून झाल्यावर उरलेली व्यवस्था लावते. ग्रंथालयांत वापरले जाणारे ‘कोहा’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी १९९९ मध्ये ही प्रणाली लिहिली गेली, २००० मध्ये ती वापरात आली, आणि आज भारतातील असंख्य महाविद्यालयीन ग्रंथालये ती डेबियन किंवा उबंटूवर ‘कोहा-कॉमन’ या पॅकेजद्वारे चालवतात. नवी आवृत्ती बसवताना या पॅकेजची पोस्टइन्स्ट संहिता ग्रंथांच्या, वाचकांच्या आणि देवघेवीच्या डेटाबेसची रचनाच बदलते. ग्रंथसंख्या मोठी आणि सर्व्हर जुना असेल तर पडद्यावर ‘सेटिंग अप कोहा-कॉमन’ ही ओळ बराच वेळ निश्चल राहते, आतमध्ये मात्र डेटाबेस एकेक पायरी चढत असतो. नेमक्या त्या वेळी कोणी खिडकी बंद केली किंवा सर्व्हरची वीज तोडली, तर पॅकेज मॅनेजर बिचारा नंतर सावरतो. अर्ध्या पायरीवर थांबलेला डेटाबेस सावरणे हे त्याहून कितीतरी अवघड आणि जोखमीचे काम असते. म्हणून अशा अद्ययावतीकरणापूर्वी डेटाबेसची प्रत काढणे आणि दूरस्थ जोडणीवरून काम करताना ते ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’च्या आत करणे, म्हणजे जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालूच राहते, या दोन गोष्टी टाळता कामा नयेत. उबंटूची आवृत्ती बदलणारी आज्ञा दूरस्थ जोडणीवरून दिली असता ती स्वतःच १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर एक पर्यायी वाट उघडून ठेवते, यावरून निर्मात्यांनी हा धोका किती गांभीर्याने घेतला आहे हे दिसते.

काम चालू असताना वीज गेली म्हणजे सर्व्हर नव्याने उभारावा लागणार, ही दुसरी मोठी समजूत. डीपीकेजी खतावणी थेट खोडून लिहीत नाही. नवी प्रत वेगळ्या नावाने लिहितो, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करतो आणि मगच तिला जुन्या नावाची जागा देतो. प्रत्येक पॅकेज ‘उलगडलेले’, ‘अर्धे मांडलेले’, ‘पूर्ण’ अशा कोणत्या अवस्थेत आहे हेही तो लिहून ठेवतो, म्हणूनच वीज परत आल्यावर तो नेमक्या त्या जागेपासून पुढे जाऊ शकतो. वर उल्लेखिलेली ‘कॉन्फिगर’ची आज्ञा आणि तिच्यानंतर ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ एवढ्याने बहुतेक सर्व्हर मार्गी लागतात. खतावणीच खराब झाली असेल तर ‘/व्हार/बॅकअप्स’ येथे ‘डीपीकेजी.स्टेटस’ या नावाच्या, अलीकडच्या बदलांपूर्वीच्या काही प्रती ठेवलेल्या असतात. पुनर्स्थापनेच्या गप्पा सुरू करण्याआधी तेथे पाहिलेले बरे.

काय पुसण्यास हरकत नाही आणि काय पुसता कामा नये, हे ठरवण्यास एक निकष आहे आणि तो लिनक्सच्या फाइलरचनेच्या प्रमाणकातच लिहिलेला आहे. ‘/व्हार/कॅश’ येथे असते ते पुन्हा निर्माण करता येण्याजोगे, आणि ‘/व्हार/लिब’ येथे असते ती प्रोग्रॅमची स्थिती, जी गेली तर गेली. ॲप्ट आपल्या सोयीसाठी पॅकेजांच्या याद्यांचा एक संक्षेप ‘पीकेजीकॅश.बिन’ या फाइलीत ठेवतो. तो संक्षेप बिघडला तर ॲप्ट आज्ञा मिळताच कोसळू शकतो, आणि ‘/व्हार/कॅश/ॲप्ट’मधील त्या ‘.बिन’ फाइली पुसल्या की तो त्या नव्याने तयार करतो. येथे पुसणे योग्य आहे. ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’ हा लिबमध्ये असूनही अपवाद, कारण ‘ॲप्ट अपडेट’ने तो पुन्हा उतरवता येतो. परंतु त्याच्या शेजारची ‘एक्स्टेंडेड_स्टेट्स’ ही फाइल पुसली तर कोणती पॅकेजे मागून घेतली होती आणि कोणती केवळ इतरांच्या गरजेपोटी आली होती हा भेद नाहीसा होतो. आणि ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ला तर हातच लावू नये. आरपीएमच्या जगात ‘/व्हार/लिब/आरपीएम’मधील ‘डबल-अंडरस्कोर-डीबी’ने सुरू होणाऱ्या फाइली पुसून ‘आरपीएम --रीबिल्डडीबी’ देण्याचा जुना सल्ला बर्कली डेटाबेसच्या काळापुरता बरोबर होता. फेडोरा ३३ पासून आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये ती जागा एसक्यूलाइटने घेतली आहे आणि त्या फाइली आता तेथे नसतातच.

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असा शब्द पडद्यावर आला की पॅकेज मॅनेजरच सदोष आहे असे ठरवले जाते. हा शब्द एवढेच सांगतो की प्रोग्रॅमने स्वतःच्या नसलेल्या स्मृतीला हात लावला आणि कर्नलने त्याला थांबवले. कारण अनेक असू शकतात आणि त्यांतला भेद ओळखण्याची एक खूण आहे. प्रोग्रॅम दर वेळी त्याच जागी कोसळत असेल तर दोष संक्षेपात, एखाद्या फाइलीत किंवा कोणीतरी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये स्वतः संकलित करून ठेवलेल्या परक्या लायब्ररीत असण्याचा संभव मोठा, ‘एलडीडी’ ही आज्ञा ॲप्ट कोणत्या लायब्ररी कोठून घेतो हे दाखवते. तो दर वेळी निराळ्या जागी कोसळत असेल आणि त्याच्यासोबत इतर प्रोग्रॅमही अधूनमधून कोसळत असतील, तर संशय रॅमवर, डिस्कवर किंवा उष्णतेवर घ्यावा. आदिलाबादेत उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि वातानुकूलन नसलेल्या बंद खोलीतला, पंख्यात धूळ साचलेला सर्व्हर दुपारी तीन वाजता असे वागू लागला तर त्याचे औषध सॉफ्टवेअरमध्ये शोधू नये. मेमटेस्ट आणि स्मार्टसीटीएल यांनी रॅम आणि डिस्क तपासावी.

उरलेल्या समजुतींना एकेक वाक्य पुरे. पडद्यावर नुसतेच ‘किल्ड’ असे आले आणि परतीचा अंक १३७ असला तर डीएनएफ बिघडलेला नसतो, तर एक गिगाबाइट रॅम असलेल्या यंत्रात स्मृती संपल्याने कर्नलने त्याचा बळी दिलेला असतो, आणि स्वॅपची जागा वाढवल्यावर तोच डीएनएफ सुरळीत चालतो. डिस्कवर जागा दिसते म्हणजे जागा आहे असे नाही, कारण आयनोड संपले तरीही लेखन अडते आणि ते ‘डीएफ -आय’नेच कळते, शिवाय ‘/बूट’ हा भाग वेगळा असेल तर तो जुन्या कर्नलांनी एकटाच भरून गेलेला असू शकतो. ‘हॅश सम मिसमॅच’ म्हणजे सर्व्हरवर हल्ला झाला असे नव्हे. बहुधा मधल्या प्रॉक्सीने जुनी प्रत दिलेली असते. ‘पायथन’ या नावामागे नवी आवृत्ती जोडल्याने सर्व्हर आधुनिक होत नाही. सेंटओएस ७ वरील यम पायथन २ मध्ये लिहिलेला आहे आणि ही जोडणी बदलताच तो पहिल्याच ओळींत व्याकरणाची चूक सांगून थांबतो. त्याच सेंटओएस ७ वर यम ‘मिररलिस्ट’ सापडत नाही म्हणत असेल तर तो यमचाही दोष नाही आणि इंटरनेटचाही नाही: त्या प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला असून तिची पॅकेजे आता ‘व्हॉल्ट’ या जुन्या साठ्यात हलवली आहेत.

आणि पडद्यावरची शेवटची ओळ हेच बिघाडाचे कारण, ही समजूत तर दूर बसलेल्या जाणकाराचाही वेळ खाते. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटरवर आहे आणि मदत बहुधा फोनवरूनच मिळते. तेव्हा ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड १’ या ओळीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवले जाते, जिच्यातून काहीही कळत नाही, कारण ती ओळ कोणत्याही पॅकेजच्या कोणत्याही अपयशानंतर येतेच. खरे कारण तिच्या कितीतरी वर, ‘एरर’ हा शब्द प्रथम जेथे येतो तेथे असते: एखादी सेवा सुरू झाली नाही, पोर्ट आधीच दुसऱ्याने घेतलेला होता, एखाद्या सेटिंगच्या फाइलीत अक्षर चुकले होते. तो सगळा मजकूर पडद्यावरून निघून गेला तरी ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग’ या फाइलीत वेळेसह जसाच्या तसा लिहिलेला असतो, आणि छायाचित्राऐवजी ती फाइल पाठवावी.